यलो प्लस चार

पुण्याहून नोकरीसाठी आलेली माणसं मला दुकानाच्या पायरीवरच ओळखू येतात. पाठीला बॅग, हातात फोन, आणि माझं मराठी ऐकलं की चेहऱ्यावर एक समजूतदार हसू. "अरे वा काका, तुम्ही मराठी? छान बोलता की!" छान बोलता! आमचं घराणं या गावात साडेतीनशे वर्षं आहे. तेव्हापासून आम्ही घरात मराठी आणि बाजारात कन्नड बोलतो, आणि दोन्हींची खिचडी झाली असेल तर ती पुण्याला विचारून केलेली नाही.

तनय त्यातलाच एक. मारतहळ्ळीला राहतो, कुठल्याशा कंपनीत कॉम्प्युटरचं काम करतो आणि सुट्टीच्या दिवशी तळ्याकाठी बसून पक्ष्यांचे फोटो काढतो. हे या लोकांचं नवीन खूळ. समोरच्या फ्लॅटमधल्या माणसाचं नाव सांगता येत नाही, पण खंड्याच्या चार जाती सांगतील. मार्चमधल्या एका शनिवारी तो दीड तास गाडीत रखडून मल्लेश्वरमला माझ्या फोटो लॅबमध्ये आला, खिशातून पेन ड्राइव्ह काढला आणि म्हणाला, "काका, ॲज इट इज प्रिंट करा हं. नो करेक्शन. माझा मॉनिटर कॅलिब्रेटेड आहे."

म्हणजे काय केलंयस, असं मी विचारलं, ती माझी चूक. त्यानं मला अर्धा तास शिकवलं. मॉनिटरवर एक डबी टांगायची. ती स्क्रीनचे रंग मोजते आणि तिथला पांढरा किती पांढरा आहे ते सांगते. मग मॉनिटर त्याप्रमाणे दुरुस्त करायचा, म्हणजे जे स्क्रीनवर दिसतं तेच कागदावर उतरतं. हे दर महिन्याला. खोलीच्या भिंती त्यानं करड्या रंगवून घेतल्या आहेत. डबी टांगताना टीशर्टही करडाच घालतो, कारण लाल घातला तर त्याची छटा स्क्रीनवर पडते म्हणे. बायको काही म्हणत नाही का, असं विचारलं तर म्हणाला, "ती खूप सपोर्टिव्ह आहे." बिचारी.

पांढरा किती पांढरा ते डबीला विचारायचं! आम्ही रंगारी. माझ्या आजोबांच्या काळापर्यंत चिकपेठेच्या मागच्या गल्लीत आमच्या रंगाच्या नांदी होत्या. कापड नांदेतून वर आलं की घरातला सर्वांत वडील पुरुष ते उजेडाला धरायचा आणि म्हणायचा, "बसला." रंग बसला. त्यानंतर त्या रंगाबद्दल कुणी तोंड उघडायचं नाही, ते अशुभ मानत. वडिलांनी नांदी मोडून फोटो स्टुडिओ काढला, मी स्टुडिओची लॅब केली, पण डोळा तोच राहिला. माझं नाव विठोजी, वय सदुसष्ट. लग्नाचा अल्बम असो की पासपोर्टचा फोटो, प्रत्येक फाइल आधी माझ्या स्क्रीनवर येते, मी तिचा रंग लावतो, आणि मी "बसला" म्हटल्याशिवाय एक कागद मशीनमध्ये जात नाही. शहरातल्या निम्म्या लॅब बंद पडल्या, माझी चालू आहे, ती या एका शब्दावर.

तनयचा खंड्या मी स्क्रीनवर घेतला. पिवळा चढलेला! पाठ निळी असायला हवी ती शेवाळी दिसत होती. वाहवा रे डबी, म्हटलं. त्याला बाहेर बाकावर बसवलं आणि नेहमीप्रमाणे निळा घातला, भरपूर घातला. त्याला विचारलं नाही. विचारायचं काय त्यात?

फाइल मागे मथुराकडे गेली. मागच्या खोलीत मशीन आहे. एका बाजूनं कामं आत जातात, दुसऱ्या बाजूनं रसायनातून धुऊन वाळलेले फोटो बाहेर पडतात. ते मथुरा चालवायची. माझ्या मामेभावाची सून. सहा वर्षांपूर्वी तिचा नवरा गेला, पदरात दोन लहान मुली, घरात दुसरं कमावणारं कुणी नाही, तेव्हा मीच तिला इथं आणून बसवलं. हे मी तिला विसरू देत नसे. काम काय, कागद भरायचा, रसायन बदलायचं, बटण दाबायचं. पण माझ्या मते तिला तेवढंही जमत नव्हतं, कारण तिच्या मशीनमधून येणारा प्रत्येक फोटो पिवळट असायचा. मी लख्ख रंग लावून पाठवावा आणि बाहेर यावा तो हळदीच्या हातानं पुसून काढल्यासारखा.

"मथुरा, हे काय? रसायन शिळं झालंय की तुझं डोकं?"

"सरी अण्णा," ती म्हणायची. सरी, म्हणजे बरं. वाद नाही, कारण नाही, नुसतं सरी. फोटो घेऊन आत जायची आणि पाच मिनिटांनी दुसरा आणून दाखवायची. तो अगदी माझ्या मनासारखा असायचा. म्हणजे बाईला येत होतं, फक्त बोलणी खाल्ल्याशिवाय करायचं नव्हतं.

सगळेच फोटो काही मी बघत बसत नसे. पिवळट ते पिवळट गिऱ्हाइकांच्या हातात जायचे आणि गिऱ्हाइकं खूश. "काय रंग आलाय अण्णा!" मी मान हलवायचो आणि मनात म्हणायचो, बरं झालं देवानं तुम्हाला डोळे दिले नाहीत.

तनयनंही तेच केलं. फोटो खिडकीपाशी नेला, फोनमधल्या चित्राशी ताडून बघितला आणि ओरडलाच. "काका, स्पॉट ऑन! एक्झॅक्टली माझ्या स्क्रीनवर दिसतो तसा!"

मला तो खंड्या आजारी दिसत होता. तरी श्रेय कोण सोडतो? "होणारच," मी म्हटलं. "मी रंग लावलाय."

त्याचं हसू मावळलं. "करेक्शन केलंत? मग मॅच कसा झाला?" तो न विचारता माझ्या खुर्चीमागे आला आणि त्याची मूळ फाइल माझ्या फाइलशेजारी उघडायला लावली. बराच वेळ बघत राहिला. "काका, राग मानू नका, पण तुमची फाइल निळी आहे. खूपच निळी."

"तुझ्या डोळ्यांना."

या लोकांना एखादं गणित सुटलं नाही की जेवण जात नाही. पुढच्या शनिवारी डबी घेऊन येतो म्हणाला. माझा मॉनिटर बिघडला असणार, फुकट दुरुस्त करून देतो. मीही ये म्हटलं. त्या डबीचा पाणउतारा मला माझ्याच दुकानात करायचा होता.

शनिवारी तो करडा टीशर्ट घालून हजर. दुकानाचे दिवे मालवायला लावले, शटर अर्धं ओढायला लावलं आणि माझ्या स्क्रीनवर ती काळी डबी लोंबकळत ठेवली. तिच्याखाली लाल, हिरवे, निळे, करडे चौकोन एकामागून एक उमटत राहिले. दोन गिऱ्हाइकं काउंटरवर खोळंबून तमाशा बघत होती. माझा मुलगा शंभूराज काउंटर सांभाळतो. तो अंधारात उभा राहून नखं खात होता. अडतीस वर्षांचा बाप्या नखं खातो, याचाच मला राग आला.

पंधरा मिनिटांनी तनय म्हणाला, "काका, तुमचा मॉनिटर परफेक्ट आहे. ऑलमोस्ट काहीच करेक्ट करायला नाही."

मी शंभूराजकडे बघितलं, गिऱ्हाइकांकडे बघितलं. ऐकलंत? डबीनंसुद्धा माझीच बाजू घेतली.

पण तनय खूश नव्हता. तो स्वतःशीच पुटपुटत होता. "मॉनिटर बरोबर. फाइल निळी. प्रिंट बरोबर. म्हणजे मध्ये कुणीतरी काहीतरी करतंय." आणि तो तडक मागच्या खोलीत गेला. मी त्याच्या मागे. मथुरा उठून उभी राहिली. मशीनला एक छोटी स्क्रीन आहे, तिच्यावर दिवसभराची कामं ओळीनं दिसतात. छापता छापता रंग कमीजास्त करायला तिथं चार बटणं आहेत. ती कायम शून्यावर ठेवायची, असा माझा पहिल्या दिवसापासूनचा हुकूम होता. मी चष्मा वर करून वाचलं. यलो प्लस चार. खाली, यलो प्लस चार. त्याच्या खाली, यलो प्लस चार. शेवटपर्यंत तेच.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सहा वर्षं मी रसायनाला शिव्या घालतोय, कागदाला शिव्या घालतोय, आणि पिवळा ओतणारी ही इथं बसली आहे!

"मथुरा, हे तू करतेस?"

"होय अण्णा."

"कुणाला विचारून?"

तिनं दारात उभ्या असलेल्या शंभूराजकडे बघितलं. त्यानं मान खाली घातली.

"काका, एक मिनिट," तनय मध्येच म्हणाला, "प्रिंट तर बरोबर येतायत ना? मग लॉजिकली प्रॉब्लेम तुमच्या..."

"तू गप. जा, पक्षी बघ जा."

मग मी मथुराला जे बोललो ते काउंटरपर्यंत ऐकू जात होतं, आणि जावं म्हणूनच मी आवाज चढवला होता. ज्या घरानं तुला उभं केलं त्या घराचा रंग नासवलास. रंगाऱ्याच्या घरात जन्मलीस आणि वडील माणसानं बसवलेल्या रंगात हात घातलास. कुणाच्या सांगण्यावरून? कुठल्या लॅबवाल्यानं तुला फितवलं? तिचा चेहरा लाल झाला, पण डोळ्यांत पाणी आलं नाही. त्यामुळे मी आणखी पेटलो. "उद्यापासून येऊ नको," मी म्हटलं.

तिनं डबा पिशवीत टाकला. मशीनमधून शेवटचे चार फोटो बाहेर पडत होते, ते पडेपर्यंत थांबली, कडा जुळवून ट्रेमध्ये ठेवले. "सरी अण्णा," म्हणाली आणि गेली. तनयही डबी गुंडाळून निघाला. जाताना त्यानं मला काहीतरी सांगायला तोंड उघडलं, पण मी शटर वर करायला लागलो.

दुसऱ्या दिवसापासून मशीनवर शंभूराज बसला आणि चारही बटणं शून्यावर आली. बाहेर पडलेला पहिला फोटो मी हातात घेतला आणि माझं मन भरून आलं. स्क्रीनवर जे, तेच कागदावर! तो पिवळा मळ गेला होता. तीन आठवडे मी इतक्या सुखात होतो की दुपारी झोपसुद्धा लागायला लागली. शंभूराज मात्र सुतक पडल्यासारखा वावरत होता. मी म्हटलं, कामाची सवय नाही, दुसरं काय.

चौथ्या आठवड्यात जयसिंगराव आले. हे लग्नांचे फोटोग्राफर, वर्षाला चाळीस लग्नं करतात आणि चाळीसही अल्बम माझ्याकडे छापतात. लॅबचं अर्धं पोट त्यांच्यावर आहे. त्यांनी एक अल्बम काउंटरवर उघडा ठेवला आणि म्हणाले, "अण्णा, ही हळद आहे की विभूती?"

मी वाकून बघितलं. नवरी पाटावर बसलेली, गालाला हळद, हातांना हळद, बायका हसताहेत. हळदीसारखी हळद होती.

"मुलीची आई रडली अण्णा. म्हणाली, माझी पोर मढ्यासारखी दिसते."

"त्या बाईला डोळे नसतील. तुम्हालाही नाहीत? इतकी वर्षं कॅमेरा धरून हळद ओळखू येत नाही?"

माझी अपेक्षा होती की ते भांडतील. जयसिंगराव तोंडाचे तिखट, माझ्याशी आजवर शंभरदा भांडलेत. पण ते शंभूराजकडे वळले आणि म्हणाले, "मथुराक्का कुठं आहे?"

"अप्पांनी काढलं."

"अस्सं." त्यांनी अल्बम मिटला. "मग अण्णा, मे महिन्याची लग्नं मी दुसरीकडे देतो. ही एवढी हळद तरी सुधारून द्या, त्या माउलीला तोंड दाखवायचं आहे मला." आणि ते वाकून माझ्या पाया पडले. ज्याच्या पोटावर पाय देतो त्याच्या पाया कोण पडतं? मला ते अजिबात आवडलं नाही.

त्या आठवड्यात आणखी दोन स्टुडिओंनी काम काढून घेतलं. शंभूराज जेवताना म्हणाला, "अप्पा, स्वल्प डोळे दाखवून येऊ या का?" मी म्हटलं, दाखवतोच! डोळे उत्तम असल्याचा दाखला आणतो, भिंतीएवढा छापतो आणि जयसिंगरावांच्या स्टुडिओच्या दारावर चिकटवतो. रिक्षात बसताना मी शब्दसुद्धा जुळवत होतो.

डोळ्यांची डॉक्टर शंभूराजपेक्षाही लहान. तिनं माझी हनुवटी त्या यंत्रावर टेकवली, एका डोळ्यात उजेड मारला, मग दुसऱ्यात. मोतीबिंदू आहे म्हणाली, दोन्हीकडे, चांगला पिकून तपकिरी झालेला. मग लिहिता लिहिता विचारलं, तुम्ही काम काय करता? मी सांगितलं. ती लिहायची थांबली.

"फोटोंचे रंग तुम्ही ठरवता?" तिनं पुन्हा विचारलं. "किती वर्षं?"

मग तिनं समजावून सांगितलं. पिवळ्या काचेतून बघावं तसं तुम्ही बघताय. निळा आत पोचतच नाही. हळूहळू होतं म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. मी म्हटलं, मला लागला असता. सगळेच असं म्हणतात, ती म्हणाली. मुलगी उद्धट होती. पण दाखला काही मिळाला नाही, ऑपरेशनची तारीख मिळाली.

आधी उजवा डोळा केला. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा पहिली दिसली ती उशी. अभ्रा पांढरा होता. म्हणजे कसा सांगू, पांढरा. मी उजवा डोळा हातानं झाकला आणि डाव्यानं बघितलं. तोच अभ्रा, चहात बुडवून वाळवलेला. पुन्हा उजव्यानं, पुन्हा डाव्यानं. नर्सला वाटलं मला काही त्रास होतोय. होतच होता.

शंभूराजला म्हटलं, घरी नको, दुकानात चल. तिथं मी दोन अल्बम काढायला लावले. एक मथुरा होती तेव्हाचा, एक ती गेल्यानंतरचा. नव्या डोळ्यानं बघितलं. पहिल्यातली माणसं माणसांसारखी होती; कातडीला रक्ताचा रंग, झेंडूला झेंडूचा. दुसऱ्यातली सगळी बर्फावर ठेवल्यासारखी. ती माझी. मी बसवलेली. सहा वर्षं ज्या फोटोंवर माझं नाव चाललं त्यातल्या एकाचाही रंग माझा नव्हता.

"तुला माहीत होतं?" मी शंभूराजला विचारलं.

"होय अप्पा."

"आणि जयसिंगरावांना?"

"सगळ्यांनाच माहीत होतं. मागच्या दिवाळीत मी तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही ताट भिरकावलंत."

ताट भिरकावल्याचं आठवत होतं. कशावरून ते आठवत नव्हतं. मी खुर्चीवर बसलो. सहा वर्षं मी ज्यांना आंधळे म्हणत आलो, ते सगळे मला सांभाळून घेत होते. काउंटरवर येऊन "काय रंग आलाय अण्णा" म्हणणारा प्रत्येक जण मला आठवत गेला आणि माझ्या अंगाची लाही लाही झाली. कुणी माझा तिरस्कार केला असता तर मी सहन केला असता. कीव मला सहन होत नाही.

मग मी कामाला लागलो. त्या हळदीच्या अल्बमची पहिली फाइल उघडली आणि नव्या डोळ्यानं, डावा मिटून, पुन्हा रंग लावला. पूर्वी घातलेला सगळा निळा काढला. मशीनवर स्वतः बसून तो एक फोटो छापला. जयसिंगरावांना फोन केला. ते म्हणाले, रविवारपर्यंत नीट करून द्या अण्णा, आईला पसंत पडला तर मेची लग्नं तुमचीच. पण मशीन चालवायला माणूस हवं होतं, आणि शंभूराजच्यानं ते होत नव्हतं. शिवाय मथुराला परत आणलं म्हणजे गल्लीतल्या लोकांची तोंडं बंद होणार होती. फोटो पाकिटात घालून मी मेट्रोनं जयनगरला गेलो. ती तिथं एका झेरॉक्सच्या दुकानात लागली आहे, एवढं शंभूराजला ठाऊक होतं. माझ्या पोराला माझ्यापेक्षा पुष्कळ गोष्टी ठाऊक असतात असं दिसतं.

दुकान म्हणजे फूटपाथवर उघडणारी एक खोली. कॉलेजची पोरं वह्या घेऊन रांगेत उभी. मीही रांगेत उभा राहिलो, कारण कुणी मला पुढे सोडलं नाही. माझा नंबर आला तेव्हा मथुरानं वर बघितलं.

"अण्णा? ऑपरेशन झालं?"

"झालं. एका डोळ्याचं. मुली बऱ्या आहेत?"

"बऱ्या आहेत." तिचे हात थांबले नाहीत. झाकण वर, पान उलट, झाकण खाली.

मी वाटेत जुळवलेलं बोलायला सुरुवात केली. झालं गेलं विसरून जा. मी रागीट आहे, पण मनात काही ठेवत नाही. माझ्यासाठी तू एवढं केलंस, माझी लाज राखलीस, ते मी...

"तुमच्यासाठी?" ती म्हणाली, आणि आता मात्र तिचे हात थांबले. "तुमच्यासाठी कशाला करीन अण्णा? रोज शिव्या देत होता मला. निळा फोटो माझ्या हातातून सोडवत नव्हता, म्हणून केलं. पोरीला हळद एकदाच लागते. ती आयुष्यभर राखेसारखी दिसायची? पहिल्या वर्षी प्लस एक पुरत होता. करोनानंतर दोन केला. मागच्या वर्षी चार."

"आणि मला तू दुसरा आणून दाखवायचीस तो?"

"तो शून्यावर काढत होते. तुम्ही बघितला की फाडून टाकायची. गिऱ्हाइकाला आधीचाच."

"सांगायचं होतंस."

"कसं सांगणार? वडील माणूस बसला म्हणाला की तोंड उघडायचं नाही, हे मलाही शिकवलंय. आमच्याकडे आजोबा बसला म्हणायचे आणि ओसरीवर जाऊन बसायचे. मग आजी शेवटच्या पाण्यात मूठभर कायतरी घालून रंग जागेवर आणायची. त्यांना कधी कळलं नाही. तुमच्याकडं काय वेगळं होतं?"

आमच्याकडेही शेवटचं पाणी बायकाच देत, घराच्या मागच्या बाजूला. मी तिकडे कधी गेलो नव्हतो.

"परत ये," मी म्हटलं. "शंभूराजला मशीन झेपत नाही."

"बेडा अण्णा. नको." ती पुन्हा पानं उलटायला लागली. "इथं बरं आहे. काळं नि पांढरं. कुणी ओरडत नाही."

मी नाही ऐकायला आलो नव्हतो, आणि तेही पोरांच्या रांगेत उभं राहून. नको तर नको, मी म्हटलं, आता मला तुझी गरजही नाही. आता मला दिसतं. पाकिटातून फोटो काढून मी तिच्या मशीनवर ठेवला. "बघ. मी लावलाय हा रंग. हा रविवारी जयसिंगराव त्या मुलीच्या आईला दाखवणार, आणि सगळं काम परत येणार."

तिनं हात ओढणीला पुसले, फोटो उचलला आणि नीट बघितला. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो.

"पिवळा चढला अण्णा."

"काय?"

"ऑपरेशन झालं की काही दिवस जग निळं दिसतं. माझ्या सासूला दिसत होतं. तुम्ही ते निळं काढत बसलात. हळद सोडा, या पोरीच्या दातांनासुद्धा कावीळ झालीय."

माझ्या तोंडात सगळे शब्द गोळा झाले. झेरॉक्सवाली. कालची पोर. मी लावलेल्या रंगाला नाव ठेवते. मागून एक पोरगा म्हणाला, "अंकल, जल्दी." मी फोटो तिच्या हातातून हिसकावून घेतला आणि उजवा डोळा मिटून बघितला, मग डावा मिटून बघितला. दोन वेगवेगळे फोटो होते. नवरी दोन्हींत हसत होती. दोन्हींतला खरा कुठला, ते मला सांगता येईना. रविवार परवावर आला होता. रंगाबद्दल मी आयुष्यात कधी कुणाला काही विचारलं नव्हतं.

"पिवळा किती उतरवू?" मी विचारलं.

"दोन," ती म्हणाली, आणि माझ्या मागच्या पोराच्या हातातली वही घेतली.